दाव्याचे दुसरे टोक

भीमा नदी भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते, चासकमान धरण ओलांडून राजगुरुनगरवरून खाली येते, भामा आणि इंद्रायणी यांचे पाणी घेऊन तुळापूर सोडते आणि हवेली व शिरूर या दोन तालुक्यांची हद्द आखत कोरेगाव भीमाच्या पुलाखालून वाहू लागते. पुढे तिला वेळ नदी मिळते, रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा मिळते आणि दौंडच्या परिसरात घोड नदी येऊन मिसळते. या साऱ्या नद्यांचे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरचे असते; शिरूर आणि दौंड हे तालुके मात्र पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराने ढग अडवल्यामुळे कमी पाऊस मिळणाऱ्या पट्ट्यात मोडतात. भीमाशंकरला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर शिरूरला पाचशेच्या आसपास. त्यामुळे या भागातला पूर अनेकदा कोरड्या आभाळाखाली येतो. वरच्या धरणांतून विसर्ग सुरू होतो, म्हणजे दरवाजे उचलून पाणी नदीत सोडले जाते, आणि काही तासांनी ते खालच्या गावांच्या मळ्यांत शिरते. त्या वेळी गावात पाऊस पडत असेलच असे नाही. माणसांपर्यंत विसर्गाचा निरोप भोंग्यावरून, फोनवरून पोहोचतो. गोठ्यातल्या जनावराला मात्र पाणी खुराला लागल्यावरच पुराची बातमी कळते.

याच शिरूर तालुक्यात केंदूर, पाबळ, कान्हूर मेसाई हा भाग पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावाचून तळमळत आला आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्य शासनाने १५१ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ४० तालुके. दोन्ही याद्यांत शिरूर आणि दौंड यांची नावे होती. एका टोकाला नदीकाठचा ऊस आणि दुसऱ्या टोकाला टँकरची वाट पाहणारी वाडी, असे दोन प्रदेश एकाच तहसीलदाराच्या अखत्यारीत नांदतात. आपत्ती कोणतीही असो, तिचा पहिला घाव गोठ्यावर बसतो, कारण दुष्काळात माणसाच्या धान्याआधी वैरण संपते आणि पुरात माणसाच्या घराआधी मळ्यातली छपरे पाण्याखाली जातात. आपत्तीनंतरच्या पुनर्बांधणीची चर्चा मात्र घरे, रस्ते, पूल आणि पिके यांच्याभोवती फिरते, आणि जनावरांच्या निवाऱ्याचा विचार उरलेल्या पैशात आणि उरलेल्या वेळात केला जातो. हा क्रम चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का आहे हे पाहण्यासाठी गोठा म्हणजे नेमके काय, हे आधी नीट समजून घ्यावे लागते.

गोठा म्हणजे छप्पर, गव्हाण आणि दावण. गव्हाण ही वैरण टाकण्याची लांबट जागा, आणि दावण ही जनावरे ओळीने बांधण्याची सोय. जनावर ज्या दोराने बांधतात ते दावे. दाव्याचे एक टोक जनावराच्या गळ्याशी असते आणि दुसरे माणसाने ठोकलेल्या खुंट्याला. जनावर बांधले जाते तेव्हा धोका ओळखून पळण्याची त्याची उपजत मुभा काढून घेतली जाते. त्या बदल्यात त्याला चारा, पाणी, औषध आणि वाघ-बिबट्यापासून संरक्षण मिळते, असा हा हजारो वर्षांचा व्यवहार आहे. खुंटा कोठे ठोकायचा हे माणूसच ठरवतो, आणि म्हणून त्या जागेच्या सुरक्षिततेची जबाबदारीही माणसाचीच राहते. रानातले हरीण पुरात वाहून गेले तर ते निसर्गाचे दुःख म्हणता येईल. दावणीची गाय जागच्या जागी बुडाली तर तिच्या मृत्यूत खुंटा ठोकणाऱ्याचा, त्याला सखल जागेवाचून पर्याय न ठेवणाऱ्या समाजाचा आणि त्या गाईचे दूध रोज सकाळी पिणाऱ्या शहराचाही वाटा आहे.

या जबाबदारीची जाण या भूमीला नवी नाही. शिरूर तालुक्यातच घोड नदीच्या काठी इनामगाव आहे, जेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या या कामातून ताम्रपाषाणयुगातले, म्हणजे तांबे आणि दगड ही दोन्ही साधने वापरात असलेल्या काळातले, एक संपूर्ण खेडे उजेडात आले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे वस्ती होती. लोक शेती करत, गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या पाळत, आणि त्या जनावरांची हाडे उत्खननात विपुल सापडली. त्याहून विशेष म्हणजे तेथे दगड-मातीचा एक बांध आणि त्याला लागून खोदलेला पाट सापडला. पुराचे पाणी वस्तीत शिरू नये आणि तेच पाणी शेताकडे वळवता यावे, असा त्याचा दुहेरी उपयोग असावा असे उत्खनकांचे मत आहे. बांध घालणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. त्यासाठी गावाला एकत्र यावे लागते आणि पुढच्या पावसाळ्याचा विचार या उन्हाळ्यात करावा लागतो. उत्तर जोर्वे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शेवटच्या कालखंडात हवामान कोरडे होत गेले, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती मागे पडून पशुपालनावरचा भर वाढला आणि अखेरीस लोक ते ठिकाण सोडून गेले. पूर आणि अवर्षण या दोन्ही संकटांना तोंड देत जनावरांसह जगण्याचा तीन हजार वर्षांपूर्वीचा हा आलेख, कोरेगाव भीमाच्या माणसाला आपल्याच तालुक्यात जाऊन पाहता येईल इतका जवळचा आहे.

पुढच्या काळात दख्खनच्या खेड्याने हीच जाण गावाच्या रचनेत उतरवली. गावाची वस्ती जेथे असते ती जागा पांढरी आणि पिकाऊ जमीन ती काळी, हा भेद मराठी मुलखात सर्वश्रुत आहे. पांढरी बहुधा उंचवट्यावर असे. शतकानुशतके घरे पडत, त्यांच्या मातीवर नवी उठत आणि तो उंचवटा आणखी चढत जाई. गोठा या पांढरीतच, घराच्या पडवीला किंवा वाड्याच्या पहिल्या चौकात असे, आणि रात्री माणसे व जनावरे एकाच दाराआड झोपत. त्या व्यवस्थेत शेणाचा वास होता, गोमाशा होत्या, आजारही होते, तरीही एक गोष्ट निश्चित होती: नदी फुगली तर माणूस आणि जनावर या दोघांचीही पातळी सारखीच होती.

हा गोठा पांढरीतून काळीत उतरला तो अलीकडच्या पन्नास-साठ वर्षांत, आणि तो उतरण्यामागची कारणे तुच्छ लेखण्याजोगी नाहीत. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे बाएफ या संस्थेची स्थापना केली, आणि गोठवलेल्या वीर्याच्या साहाय्याने दारात येऊन कृत्रिम रेतन करण्याची तिची पद्धत पुढे राज्याबाहेरही पोहोचली. होल्स्टीन आणि जर्सी यांच्याशी केलेल्या संकरातून झालेल्या गाई गावठी गाईच्या कैक पट दूध देऊ लागल्या. दोन गाईंच्या जागी दहा गाई आल्या, त्यांना हिरवा चारा हवा, भरपूर पाणी हवे, शेण टाकायला जागा हवी, आणि हे सारे गावठाणाच्या बोळात मावणारे नव्हते. चासकमानचा कालवा आला, उपसा सिंचनाच्या मोटारी बसल्या, ऊस आला, आणि गोठा नदीकाठच्या मळ्यात, मोटारीजवळ, उसाच्या बांधाला जाऊन उभा राहिला. शेतकऱ्याने चूक केली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याने पाण्याजवळ जाण्याचा सुज्ञ निर्णय घेतला, फक्त त्या निर्णयाची दुसरी बाजू सांभाळणारी कोणतीही सार्वजनिक व्यवस्था त्याच्यासोबत मळ्यात आली नाही. घर गावात, जनावर नदीकाठी आणि रात्रीचा पूर या दोघांच्या मध्ये, अशी स्थिती त्यातून निर्माण झाली.

ऑगस्ट २०१९ मधील कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने ही स्थिती साऱ्या महाराष्ट्राला दाखवली. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत बचावाच्या नावा आल्या तरी अनेक कुटुंबे गोठा सोडून नावेत बसायला तयार नव्हती, आणि बाहेरच्यांना तो हट्ट वाटला. तो हट्ट नव्हता. जनावर मागे सोडणे म्हणजे पुढच्या पाच वर्षांची मिळकत आणि घरातले एक माणूस मागे सोडणे, हे त्या कुटुंबांना ठाऊक होते. गाय आणि म्हैस पोहू शकतात, आणि मोकळी असली तर उंच जागा शोधतात. म्हणून दावे कापून जनावर सोडून देणे हा शेवटचा उपाय जाणते लोक सांगतात. परंतु अंधारात, कमरेएवढ्या पाण्यात, वीस दावी कापणे किती कठीण असते याची कल्पना कोरड्या जागी बसून येत नाही. सांगलीत २००३ पासून कष्टकरी बैलांसाठी काम करणारी ॲनिमल राहत आणि पुण्याची रेस्क्यू यांसारख्या संस्थांनी त्या काळात जनावरांसाठी मदतकार्य केले. अमेरिकेत २००५ च्या कतरिना चक्रीवादळात हाच प्रश्न घरातल्या कुत्र्या-मांजरांच्या निमित्ताने पुढे आला होता, आणि जनावर सोडून न जाणाऱ्या माणसांचे जीव गेल्यावर २००६ मध्ये तेथे कायदा झाला, ज्याने आपत्तीच्या सुटका-आराखड्यात पाळीव प्राण्यांची सोय धरणे बंधनकारक केले. माणसाची सुटका आणि त्याच्या जनावराची सुटका या दोन वेगळ्या मोहिमा असू शकत नाहीत, एवढे तरी त्या कायद्याने मान्य केले. दावणीची जनावरे त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली, आणि भारतातल्या खेड्याचा प्रश्न तर मुळात दावणीचाच आहे.

ज्यांना दावणही नाही अशा पशुपालकांची गोष्ट आणखी बिकट आहे. भीमेच्या दोन्ही तीरांवरचा मुलूख भीमथडी म्हणून ओळखला जातो, आणि त्या नावाचे काटक घोडे मराठ्यांच्या धावत्या फौजांनी नावारूपाला आणले. आज तेच घोडे धनगरांचे बिऱ्हाड वाहतात. पावसाळा सरला की मेंढपाळांचे वाडे, म्हणजे कुटुंबे, मेंढ्या, घोडी आणि कुत्री यांचे फिरते मुक्काम, या खोऱ्यात उतरतात; शेतकरी त्यांना रानात बसवतात, मेंढ्यांच्या लेंडीचे खत जमिनीला मिळते आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. रात्री मेंढ्यांभोवती वाघर लावतात, म्हणजे दोरीच्या जाळ्याचे कुंपण उभे करतात, आणि वर आभाळ असते. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस आणि बोचरी थंडी एकदम आली, आणि शिरूर, जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांत व शेजारच्या नगर जिल्ह्यात मिळून हजारांहून अधिक मेंढ्या गारठून मेल्या. पूर नव्हता, वादळ नव्हते. ओली लोकर, रात्रभर वाहणारा वारा आणि आडोशाचा अभाव एवढ्याच गोष्टी पुरेशा झाल्या. अशा आपत्तीनंतर पुनर्बांधणी कशाची करायची, हा प्रश्न शासकीय चौकटीला उत्तर देता येण्यासारखा नाही, कारण पडलेली भिंत नाही, उडालेला पत्रा नाही आणि मेंढपाळाचे गाव तर शंभर कोस दूर आहे. जिथे निवारा कधी नव्हताच तिथे तो नव्याने उभा करणे हीच पुनर्बांधणी होय, आणि मेंढपाळांच्या नेहमीच्या वाटेवर, गावागावांच्या गायरानात, चार खांब आणि वर छप्पर असलेल्या साध्या शेड असत्या तर त्या दोन रात्रींचे चित्र वेगळे दिसले असते, हे मान्य करायला हवे.

सार्वजनिक पशुनिवाऱ्याची परंपरा महाराष्ट्रात नाही असे मात्र कोणी म्हणू नये. मुंबईत १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध दंगल उसळली, आणि दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. पांजरपोळ म्हणजे म्हातारी, लंगडी, निरुपयोगी ठरवलेली जनावरे मरेपर्यंत सांभाळण्याची जागा. गावोगावचा कोंडवाडा निराळ्या हेतूचा: १८७१ च्या कायद्याने दुसऱ्याच्या पिकात शिरलेली मोकाट गुरे तेथे कोंडली जात आणि मालक दंड भरून ती सोडवून नेई. आज बहुतेक कोंडवाडे पडके आहेत, तरीही गावाच्या मालकीची, जनावरांसाठी राखलेली जागा असते ही कल्पना त्यांनी दीडशे वर्षे जिवंत ठेवली. तिसरी आणि सर्वांत अनुभवसंपन्न व्यवस्था म्हणजे चारा छावणी. दुष्काळात शासनाच्या अनुदानावर संस्था आणि कारखाने ती चालवतात. शेतकरी जनावरांसह तेथेच मुक्काम करतात, उसाचे वाढे, कडबा आणि पेंड मोजून मिळते, आणि पाचटाच्या सावलीत महिनोन्‌महिने एक तात्पुरते गाव वसते. २०१२ च्या दुष्काळात म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशनने चालवलेल्या छावणीत हजारो जनावरे जगली. छावण्यांत गैरव्यवहाराच्या तक्रारीही झाल्या, हे खरे. तरीही एवढी जनावरे एका जागी आणणे, त्यांना रोज पाणी पाजणे, साथ पसरू न देणे, गाभण गाई वेगळ्या ठेवणे, मालकांची भांडणे मिटवणे हे ज्ञान या राज्यातल्या गावकऱ्यांपाशी आहे आणि ते मोलाचे आहे. पाऊस पडला की छावणी मोडते आणि तिच्याबरोबर हे ज्ञानही पांगते. छावणी दुष्काळाची, पुराची नव्हे, असे जणू ठरून गेले आहे. वास्तविक पुराच्या चार दिवसांसाठी तिची गरज दुष्काळातल्या चार महिन्यांइतकीच तीव्र असते.

पैशाच्या बाजूने पाहिले तर विसंगती अधिक उघडी पडते. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या आपत्ती निकषांनुसार दगावलेल्या दुधाळ गाई-म्हशीसाठी ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलासाठी ३२,००० रुपये, वासरासाठी २०,००० रुपये आणि शेळी-मेंढीसाठी ४,००० रुपये मिळतात. मोठ्या दुधाळ जनावरांसाठी एका कुटुंबाला तीनची आणि मेंढ्यांसाठी तीसची मर्यादा होती. सप्टेंबर २०२५ मध्ये भीमेचीच उपनदी असलेल्या सीनेला पूर येऊन करमाळा, माढा, मोहोळ भागात गोठेच्या गोठे वाहून गेले, आणि मराठवाड्यातही तीच अवस्था झाली. त्यानंतर राज्य शासनाने तीन जनावरांची अट काढून टाकली, हे योग्यच झाले. परंतु जनावर वाचले आणि गोठा पडला तर त्या गोठ्यासाठी याच निकषांत ३,००० रुपये आहेत. दुसरीकडे राज्याच्याच फेब्रुवारी २०२१ च्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत, जी रोजगार हमीच्या निधीतून राबवली जाते, दोन ते सहा जनावरांच्या पक्क्या गोठ्याचा खर्च ७७,१८८ रुपये धरला आहे, ७.७ मीटर लांबी, ३.५ मीटर रुंदी, सिमेंटची गव्हाण, मूत्र साठवण्यासाठी २५० लिटरचे टाके आणि पिण्यासाठी २०० लिटरची टाकी असा त्याचा आराखडा आहे. एक गोठा उभारायला किती लागतात हे शासनाला ठाऊक आहे, आणि पडलेल्या गोठ्याला किती द्यायचे हेही शासनानेच ठरवले आहे. या दोन आकड्यांमधले अंतर शेतकऱ्याने कर्ज काढून भरायचे असते. त्यात पंचनाम्याची अडचण वेगळी. पंचनामा म्हणजे तलाठी, ग्रामसेवक आणि पशुवैद्यक यांच्या साक्षीने नुकसानीची नोंद. पण वाहून गेलेल्या म्हशीचे कलेवर दोन तालुके खाली कोठेतरी अडकलेले असते. कानातला बारा अंकी बिल्ला आता सक्तीचा झाला आहे आणि त्याचा एक उपयोग हा की, जनावर होते याचा पुरावा कलेवरावर अवलंबून राहत नाही.

निवारा पुन्हा उभा करणे म्हणजे पत्रे बदलणे, अशी समजूत सर्वत्र दिसते, आणि ती अपुरी आहे. पूर ओसरल्यावर गोठ्यात गुडघाभर गाळ असतो, त्या गाळात मेलेल्या कोंबड्या, कुजका चारा आणि वरच्या गावांची घाण असते. दिवसचे दिवस पाण्यात उभ्या राहिलेल्या जनावरांचे खूर मऊ पडून फाटतात, नाकातोंडात पाणी गेलेल्यांना न्यूमोनिया होतो, गाभण गाई गाभडतात. घटसर्प आणि फऱ्या हे पावसाळी रोग अशा चिखलातच डोके वर काढतात. त्यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी टोचायच्या असतात, कारण पूर आल्यावर टोचलेली लस लगेच संरक्षण देत नाही. कडब्याची गंजी भिजून बुरशी धरते, आणि उपाशी जनावर तो कडबा खाऊन पुन्हा आजारी पडते, म्हणून मदतीच्या पहिल्या गाडीत माणसांच्या शिध्याबरोबर कोरडी वैरण असायला हवी. छप्पर आठ दिवसांत होते. घाबरलेल्या, उपाशी राहिलेल्या गाईचे आटलेले दूध मात्र बहुतेक वेळा त्या वेतात पूर्ववत होत नाही. वेत म्हणजे एका विण्यापासून पुढचे दूध देण्याचे चक्र, आणि पुढच्या वेतापर्यंत वर्ष जाते. त्या वर्षभर दूध संस्थेचा हिशेब, पेंडीची उधारी आणि मुलांची फी हे सारे त्या आटलेल्या कासेवर टांगलेले असते. शासनाच्या दप्तरात मात्र ती गाय वाचलेली असते, आणि वाचलेल्या जनावराला नुकसानभरपाई नाही. संस्था आणि दानशूर माणसे पहिल्या आठवड्यात येतात, आणि त्यांचे उपकार मानलेच पाहिजेत; परंतु खरी गरज तिसऱ्या महिन्यात असते, तेव्हा कोणी फिरकत नाही.

याहून मोठा प्रश्न जागेचा आहे. नदीच्या दोन पूररेषा आखलेल्या असतात: निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर बांधताना या रेषा निदान कागदावर तरी पाहिल्या जातात. गोठ्यासाठी त्या कोणी पाहत नाही, आणि पडलेला गोठा पुन्हा त्याच खड्ड्यावर, त्याच खुंट्यांवर उभा राहतो. बांगलादेशात १९७० च्या भोला चक्रीवादळात लाखो माणसे आणि अगणित जनावरे मेली, आणि त्यानंतर तेथे मातीचे उंच चौथरे उभारले गेले, ज्यांना तेथील लोक किल्ला म्हणतात. वादळाचा इशारा आला की गुरे त्या किल्ल्यावर हाकायची. मातीचा ढिगारा, त्यावर गवत, चढायला उतरण आणि शेजारी गोड्या पाण्याचे तळे, एवढीच ती रचना आहे, आणि गरीब देशाला परवडली म्हणूनच ती अनुकरणीय आहे. भीमेच्या खोऱ्यात तर मातीचा ढिगारा घालण्याचीही गरज बहुतेक ठिकाणी नाही. नदीपासून थोडे वर गेले की मुरमाड माळ लागतो, आणि बहुतेक गावांना थोडेफार गायरान आहे. सणसवाडी, कोरेगाव भीमा, शिक्रापूर या पट्ट्यात कारखाने, गोदामे आणि चाळी यांनी जमिनीचे भाव आभाळाला नेले असल्यामुळे उरलेल्या गायरानावर अनेकांचा डोळा आहे, आणि एकदा ते गेले की पुराच्या रात्री गुरे हाकायला रस्त्याच्या दुभाजकाखेरीज जागा उरणार नाही.

या खोऱ्यातली एक अडचण बाहेरच्या नमुन्यांत सापडत नाही. शिरूर, जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांच्या उसात बिबट्यांनी घर केले आहे. जुन्नरजवळ माणिकडोहला पकडलेल्या आणि जखमी बिबट्यांसाठी निवारा केंद्र चालते, आणि इकडे मळ्यात वासरे उचलली जातात. म्हणून वनखाते बंदिस्त गोठा बांधायला सांगते, म्हणजे चारी बाजूंनी जाळी आणि दाराला कडी. बिबट्यापासून वाचवणारी ती जाळी पुराच्या पाण्यात सापळा ठरू शकते. दोन्ही धोके खरे आहेत, त्यामुळे गोठ्याला चढाच्या बाजूने दुसरे रुंद दार, बाहेरून एका हिसक्यात निघणारी कडी, आणि एकच मुख्य दोर ओढला की सगळी दावी सुटतील अशी दावण, यांचा विचार स्थानिक कारागिरांनी आणि पशुवैद्यकांनी एकत्र बसून करायला हवा. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे, जेथे खेड्यातली मुले हाताने लोखंडकाम, बांधकाम आणि शेती शिकतात. असा गोठा रचून दाखवण्यासाठी तालुक्याबाहेर जाण्याचे कारण नाही.

कोरेगाव भीमा, वढू बुद्रुक, विठ्ठलवाडी, रांजणगाव सांडस, पारगाव, नानगाव, वाळकी, राहू अशा नदीकाठच्या प्रत्येक गावाने १ मेच्या ग्रामसभेत, म्हणजे पावसाळ्याआधीच्या सभेत, एवढे चार ठराव मंजूर करून घ्यावेत: लाल पूररेषेच्या वरची किमान दोन एकर गायरान जमीन जनावरांच्या आणीबाणीच्या निवाऱ्यासाठी राखून ठेवावी आणि त्या वर्षीच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात तिचे छप्पर व पाण्याची टाकी धरावी, हीच जागा हिवाळ्यात मेंढपाळांच्या वाड्यांना खुली असावी, धरणाच्या विसर्गाचा निरोप आला की कोणत्या वस्तीतली जनावरे कोणी आणि कोणत्या वाटेने हाकायची, हे नावांनिशी लिहून चावडीवर लावावे, आणि पडलेल्या गोठ्याला ३,००० रुपयांऐवजी रोजगार हमीच्या आराखड्यातला गोठा, तोही उंच जागी, मिळावा अशी मागणी तहसीलदारांकडे लेखी करावी. हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी ज्यांचे गाव भीमा, घोड, वेळ किंवा मुळा-मुठेच्या काठी आहे, त्यांनी येत्या सभेला जाताना या ठरावांचा मसुदा लिहून सोबत न्यावा आणि तो वाचून दाखवल्याशिवाय सभा संपू देऊ नये.